किशोरवयीन मुलांचे मद्यपान रोखण्यासाठी बालरोग ओपीडीत समुपदेशन कसे करावे

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प यांना प्रतिबंध करणारी लस असते. लहानपणीच्या लसी संपल्यावर निरोगी मूल डॉक्टरांसमोर येण्याचे हक्काचे प्रसंग एवढे दोनच. बाकी मग शाळेच्या स्पर्धेसाठी लागणारे फिटनेस सर्टिफिकेट, चेहऱ्यावरचे मुरूम, दहावीच्या वर्षात सुरू झालेली डोकेदुखी अशा कारणांनी ते अधूनमधून येत राहते. दारूविषयीचे पहिले बोलणे याच भेटींमध्ये व्हायला हवे. हा विषय मानसोपचारतज्ज्ञांचा आहे, असे म्हणून आपल्यापैकी अनेक जण तो बाजूला ठेवतात; परंतु मूल मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचते तेव्हा प्रतिबंधाची वेळ बहुधा टळून गेलेली असते. जन्मापासून ज्याने मुलाचे वजन केले, ताप उतरवला, त्याच्या आईला रात्री-अपरात्री फोनवर धीर दिला, त्या डॉक्टरला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आधीच मिळालेला असतो. पुढील सूचना नाशिक शहर आणि जिल्ह्यातील बालरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर, शाळांमध्ये तपासणीला जाणारी वैद्यकीय पथके आणि रुग्णालयांतील समुपदेशक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

आधी दोन आकडे लक्षात ठेवावेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यपान करतात असे आढळले, तर १० ते १७ या वयोगटात हे प्रमाण १.३ टक्के होते. म्हणजे आपल्यासमोर बसलेला मुलगा पीत नसण्याचीच शक्यता फार मोठी आहे, आणि त्यामुळे आपले बहुतेक काम व्यसन सोडवण्याचे नसून न पिणाऱ्या मुलाला तसेच राहायला बळ देण्याचे आहे. दुसरे असे की, “आजकाल सगळेच घेतात” हे वाक्य जेव्हा मुलगा तोंडावर फेकतो, तेव्हा त्याला शांतपणे सांगता येते की सगळे घेत नाहीत, घेणारे थोडे असतात. पण मोबाइलवर स्टेटस मात्र त्यांचेच दिसतात.

इतक्या लवकर हा विषय का काढायचा, असे पालकच नव्हे तर सहकारी डॉक्टरही विचारतात. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणात असे दिसून आले होते की, पंधराव्या वर्षाच्या आत पिणे सुरू करणाऱ्यांमध्ये पुढे केव्हातरी दारूचे व्यसन लागण्याचे प्रमाण एकविसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे चौपट होते. यात केवळ दारूचा दोष नाही. घरातले ताण, आनुवंशिकता आणि मुलाचा मुळातला स्वभावही त्यात मिसळलेले असतात. तरीही निर्णय घेणारा, आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, ही गोष्ट लक्षात घेतली तर पहिला घोट जितका लांबवता येईल तितका लांबवावा हे उद्दिष्ट पुरेसे आणि साध्य होण्याजोगे आहे. आयुष्यभर कधीच पिऊ नकोस असे वचन दहा वर्षांच्या मुलाकडून घेण्याला काही अर्थ नसतो.

नाशिकची परिस्थिती

कोणत्याही गावातील समुपदेशन तिथे दारू मुलांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते हे जाणून केले तरच कामाला येते. गेल्या पंचवीस वर्षांत गंगापूर, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात वायनरी उभ्या राहिल्या. पाहुणे आले की त्यांना वायनरी दाखवायला नेणे हा अनेक घरांचा रविवारचा कार्यक्रम झाला आहे, आणि अशा सहलींना मुलेही सोबत असतात. वाइन म्हणजे काही दारू नव्हे, फळाचाच रस तो, असा एक समज त्यातून घरोघरी रुजला आहे. तो दूर करणे आवश्यक आहे. पण ज्याच्या घरची द्राक्षे वायनरीला जातात अशा मुलासमोर वाइनचा धंदाच वाईट, असे बोलून चालणार नाही. तसे बोललो तर आपण त्याच्या वडिलांच्या मेहनतीवर बोट ठेवतो आणि तो पुन्हा तोंड उघडत नाही. त्याला एवढेच सांगावे की वाइनच्या दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि द्राक्षे पिकवणारा माणूसही आपल्या अल्पवयीन मुलाला ती देऊ शकत नाही.

शहरातली दुसरी वाट म्हणजे हळदीचा कार्यक्रम, मिरवणूक, गटारी, थर्टीफर्स्ट, आणि दहावी-बारावीनंतर इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूला एखाद्या फार्महाउसवर ठरलेला मुक्काम. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांमध्ये मोठ्या भावाच्या किंवा चाळीतल्या पोरांच्या सोबतीने सुरुवात होते. पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी तालुक्यांत मोहाची दारू सण-समारंभाचा भाग असते, आणि तिथल्या आश्रमशाळेतील मुलाला ती घरीच पहिल्यांदा चाखायला मिळालेली असू शकते. त्याच्या समाजाची रीत चुकीची ठरवण्यापेक्षा, वाढत्या वयात ती शरीराला काय करते एवढ्यावर बोलणे थांबवावे.

कायद्याची माहिती डॉक्टरला असावी, पण तिचा वापर मुलाला धाक दाखवण्यासाठी करू नये. ती माहिती मोठ्यांसाठी आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, तर व्हिस्की-रमसारख्या मद्यांसाठी २५ आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार वैद्यकीय कारणाशिवाय बालकाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हे कलम दुकानदार, काका, मामा असा भेद करत नाही.

एकट्याशी बोलण्याची सोय

आई शेजारी बसलेली असताना विचारलेल्या प्रश्नाला “नाही” एवढेच उत्तर मिळते. त्यामुळे मुलाशी पाच-सात मिनिटे एकट्याने बोलता येणे ही पहिली अट आहे, आणि आपल्याकडच्या दवाखान्यांत तीच सर्वांत अवघड ठरते. जुन्या नाशकात किंवा नाशिकरोडला कित्येक दवाखाने एका खोलीचे आणि एका पडद्याचे आहेत. अशा ठिकाणी पालकांना चिठ्ठी देऊन मेडिकलमधून औषध आणायला पाठवावे, किंवा मुलाला उंची-वजन, रक्तदाब आणि दृष्टी तपासणीसाठी आतल्या बाजूला घ्यावे, आणि त्या वेळात बोलून घ्यावे. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना ऐकू जाणार नाही एवढी आवाजाची काळजी घ्यावी. पंखा किंवा रेडिओ चालू ठेवणे हा साधा उपाय उपयोगी पडतो.

पालकांना बाहेर बसायला सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही, मात्र तो नियम सर्वांसाठी सारखा हवा. दहा वर्षे पूर्ण झाली की प्रत्येक मुलाशी आणि मुलीशी डॉक्टर थोडा वेळ एकट्याने बोलतात, अशी पाटी स्वागतकक्षात लावावी आणि दहाव्या वर्षाच्या लसीच्या वेळीच पालकांना ते समजावून सांगावे. “वहिनी, आता तो मोठा झाला. त्याच्या तब्येतीबद्दल त्याने स्वतः बोलायची सवय लागायला हवी. पाच मिनिटं बाहेर बसता का?” असे म्हटले तर फारसे कोणी नाही म्हणत नाही. संशय आलेल्या मुलाच्या पालकांनाच बाहेर काढले, तर मुलगा आणि पालक दोघांनाही ते लगेच कळते आणि पुढचे सगळे बोलणे चौकशीसारखे होते. मुलीशी बोलताना परिचारिका किंवा महिला समुपदेशक खोलीत असावी, हे वेगळे सांगायला नको.

गोपनीयतेविषयी सुरुवातीलाच स्पष्ट बोलावे. “तू मला जे सांगशील ते मी तुला विचारल्याशिवाय आई-बाबांना सांगणार नाही. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे, किंवा तुला कोणी त्रास देतंय असं दिसलं तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावीच लागेल, आणि तेव्हाही आधी तुला सांगूनच घेईन.” या अपवादांना कायद्याचा आधार आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सो कायद्याप्रमाणे त्याची खबर देणे बंधनकारक आहे, आणि दारूच्या प्रसंगांच्या आड अशी गोष्ट दडलेली असणे दुर्मीळ नाही.

इथे एक बारीक पण महत्त्वाची बाब आहे. आपल्याकडे केसपेपर आणि फाइल रुग्णाच्या घरी जाते. त्यावर “मद्यपान : महिन्यातून एकदा” असे लिहिले तर दिलेला शब्द घरी पोहोचायच्या आतच मोडतो. ही नोंद दवाखान्याच्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये किंवा संगणकात, शक्य तर सांकेतिक खुणेने ठेवावी, आणि पुढच्या भेटीची आठवण पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना “वजन-रक्तदाब तपासणी” एवढेच लिहावे.

प्रश्न कसे आणि कोणत्या क्रमाने विचारावेत

एकदम दारूवर उडी मारू नये. घरी कोण कोण असते, शाळा कशी चालली आहे, क्लास किती वाजता सुटतो, मित्र कोण, संध्याकाळी कुठे असतोस, अशा क्रमाने जावे आणि मित्रांचा विषय निघाला की तिथून व्यसनांकडे वळावे. झोप, मनःस्थिती आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांविषयीचे प्रश्न त्यानंतर विचारावेत, कारण तोपर्यंत मूल थोडे सैल झालेले असते.

अमेरिकेच्या मद्यपानविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सहकार्याने २०११ मध्ये जी पद्धत मांडली, ती आपल्या ओपीडीला सहज लागू पडते, कारण तिच्यात मुख्य प्रश्न दोनच आहेत : एक मित्रांविषयी आणि दुसरा स्वतःविषयी. साधारण चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना आधी मित्रांविषयी विचारायचे, आणि त्यापुढच्या मुलांना आधी स्वतःविषयी. लहान मुलाला मित्रांविषयी बोलणे सोपे जाते, आणि ज्याचे मित्र पितात त्याची स्वतःची सुरुवात बहुधा फार लांब नसते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला “तुझ्या ओळखीच्या मुलांपैकी कोणी बिअर, वाइन किंवा कुठलीही दारू पिऊन बघितली आहे का?” असे विचारावे, आणि मग “तू कधी दोन-तीन घोटांपेक्षा जास्त घेतली आहेस का?” असे. सोळा वर्षांच्या मुलाला मात्र सरळ विचारावे, “मागच्या वर्षभरात किती दिवस घेतली असशील?” या प्रश्नात घेतलेली असणे गृहीत धरले आहे असे वाटून काही डॉक्टर बिचकतात, पण “तू पितोस का रे?” या प्रश्नाने जो आरोप होतो तो इथे होत नाही, आणि न घेणारा मुलगा हसून “एकही नाही” म्हणतो.

“दारू” एवढाच शब्द वापरला तर अनेक मुले मनापासून नकार देतात, कारण त्यांच्या लेखी बिअर, ब्रीझर किंवा वाइन त्यात मोडतच नाही. म्हणून एकेका पेयाचे नाव घ्यावे. किती घेतली हे विचारतानाही आपल्या मापात विचारावे. ‘दोन बिअर’ म्हणजे पाइंट की ६५० मिलिलिटरची मोठी बाटली, आणि साधी की स्ट्राँग, हे कळल्याशिवाय आकडा निरर्थक असतो. जागतिक आरोग्य संघटना एक प्रमाण पेय सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचे धरते. त्या हिशेबाने पाच टक्क्यांच्या मोठ्या बाटलीत अडीच प्रमाण पेये, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत चार, आणि व्हिस्की किंवा रमच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सहा भरतात. “एकच क्वार्टर, तीही तिघांत” असे सांगणाऱ्या मुलाला हा हिशेब कागदावर करून दाखवला, की तो स्वतःच मान वर करून बघतो.

उत्तराचा अर्थ वयाप्रमाणे बदलतो. याच पद्धतीनुसार अकरा वर्षांपर्यंतच्या मुलाने वर्षभरात एकदाही घेतली असेल तर धोका सर्वाधिक समजावा. १२ ते १५ या वयात एक ते पाच दिवस म्हणजे मध्यम धोका आणि सहा किंवा अधिक दिवस म्हणजे मोठा धोका; सोळाव्या वर्षी ही वरची मर्यादा १२ दिवसांवर जाते. मुलगा घेतो असे कळल्यावर ‘क्राफ्ट’ नावाची सहा प्रश्नांची चाचणी वापरावी. प्यायलेल्या माणसाने चालवलेल्या गाडीवर बसलास किंवा स्वतः पिऊन चालवलीस का. ताण घालवायला किंवा चारचौघांत सामावून जायला घेतोस का. एकटा असताना घेतोस का. त्या वेळचे काही आठवत नाही असे झाले का. घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का. आणि त्यापायी कधी अडचणीत आलास का. दोन किंवा अधिक प्रश्नांना होकार आला तर सविस्तर मूल्यमापन करावे. माझ्या मते यातला पहिला प्रश्न न पिणाऱ्या मुलालाही विचारावाच, कारण नाशकातल्या अनेक मुलांना दारूचा सर्वांत मोठा धोका स्वतःच्या पेल्यातून नव्हे तर मोठ्या भावाच्या बाइकच्या मागच्या सीटवरून असतो.

उत्तर मिळाल्यावर काय बोलावे

मुलगा पीत नसेल तर “शाब्बास” म्हणून पुढे जाऊ नये. तो का घेत नाही हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे : खेळासाठी, आईला वाईट वाटेल म्हणून, वास आवडत नाही म्हणून, वडिलांचे बघितले आहे म्हणून. त्याचे कारण त्याच्याच शब्दांत परत ऐकवले की ते पक्के होते. मग कोणी आग्रह केला तर काय म्हणशील, हे एकदा बोलून बघायला सांगावे. “उद्या मॅच आहे”, “गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय”, “मी गाडी चालवणार आहे” अशी छोटी वाक्ये तोंडात बसलेली असली की ऐन वेळी सुचतात. डॉक्टरांच्या नावावर खपवायला हरकत नाही, असे मी मुलांना आवर्जून सांगतो. या सगळ्याला तीन मिनिटे पुरतात.

मुलगा पीत असेल तर आपली पहिली उबळ व्याख्यान देण्याची असते, आणि ती आवरणे हेच यातले खरे कौशल्य आहे. यकृत सुजते, भविष्य बिघडते, आई-वडिलांचे कष्ट, अशी वाक्ये त्याने शाळेत ऐकलेली असतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतल्या यकृताची भीती वाटत नाही. त्यापेक्षा त्याला आज ज्याची किंमत आहे त्याच्याशी दारूचा संबंध जोडून द्यावा. उदाहरणादाखल, कबड्डीच्या स्पर्धेसाठी सर्टिफिकेट घ्यायला आलेल्या दहावीतल्या मुलाशी असे बोलणे होऊ शकते :

“वर्षभरात किती दिवस झाले असतील?”

“तीन-चार वेळा, सर. दादाच्या मित्राच्या हळदीत, थर्टीफर्स्टला… जास्त नाही.”

“बरं. घेतल्यावर चांगलं काय वाटतं?”

“मजा येते. नाचायला लाज वाटत नाही. सगळ्यांत मिसळता येतं.”

“आणि न आवडणारं काही?”

“दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं. प्रॅक्टिसला दम लागतो. आणि एकदा ओकलो, त्याचा व्हिडिओ काढला पोरांनी.”

“म्हणजे मिसळायला बरं वाटतं, पण खेळावर परिणाम होतो आणि नंतर चेष्टाही होते. बरोबर? मग आता शून्य ते दहामध्ये, अजिबात न घेता राहणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?”

“पाच.”

“पाच का? दोन का नाही म्हणालास?”

“जिल्हा टीममध्ये यायचंय, सर. कोच म्हणतात स्टॅमिना कमी पडतो.”

या बोलण्यात डॉक्टरने एकदाही उपदेश केलेला नाही. दारू सोडण्याचे कारण मुलाच्याच तोंडून आले आहे. आकडा कमी का, असे विचारले असते तर तो स्वतःच्या पिण्याची बाजू मांडत बसला असता. आकडा यापेक्षा खाली का नाही, असे विचारल्यामुळे त्याला न पिण्याची बाजू मांडावी लागली. त्यानंतर डॉक्टरने आपले मत स्पष्ट, एका वाक्यात द्यावे : “डॉक्टर म्हणून माझं म्हणणं आहे की तू आता पूर्ण थांबावंस, कारण तुझ्या वयात थोडीही धोक्याची असते. पण ठरवायचं तूच आहेस.” मग पुढचा प्रसंग कोणता आहे ते विचारावे, कारण हेतू हवेत राहतो आणि तारीख मात्र कॅलेंडरवर असते. पुढच्या महिन्यात चुलत बहिणीचे लग्न असेल तर हळदीला जायचे की नाही, गेलास तर कोणासोबत उभा राहशील, किती वाजता निघशील, घरी कसा येशील, इथपर्यंत ठरवावे आणि ते एका कागदावर त्यालाच लिहायला लावावे.

तो पूर्ण थांबायला तयार नसेल तर वाद घालू नये. निदान प्यायल्यावर गाडी चालवणार नाही, प्यायलेल्याच्या मागे बसणार नाही, आणि पिऊन पडलेल्या मित्राला एकटा सोडून जाणार नाही, एवढ्या तीन गोष्टी कबूल करून घ्याव्यात आणि पुढच्या भेटीचे दार उघडे ठेवावे.

पालकांशी बोलताना

मुलाचे गुपित न फोडताही पालकांशी बरेच बोलता येते, कारण हे बोलणे सर्वच पालकांशी करायचे असते. मोठ्यांची बैठक बसली की मुलाला सोडा, बर्फ किंवा शेंगदाणे आणायला पाठवू नये. बाटली घरात असेल तर ती कुलपात असावी. आणि गंमत म्हणून बोटाने चाटवण्याची सवय बंद करावी. “बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर थोडी घेतलेली बरी” असे म्हणणारे सुशिक्षित पालक कॉलेज रोड-गंगापूर रोड परिसरात वाढत आहेत. त्यांना सांगावे की, ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षे पाठपुरावा करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरून दारू मिळाल्याने मुलांचे कोणतेही संरक्षण झाल्याचे आढळले नाही. उलट अशी मुले इतरांकडूनही दारू मिळवण्याची शक्यता अधिक दिसली.

वडील स्वतः पीत असतील तर प्रश्न नाजूक होतो. त्यांना अपराधी ठरवण्याऐवजी, मुलासमोर पिऊ नका, प्यायल्यावर त्याला गाडीवर बसवू नका आणि पिण्याला दिवसभराच्या कष्टाचे बक्षीस म्हणून त्याच्यासमोर मिरवू नका, एवढी ठोस मागणी करावी. त्यांची इच्छा दिसली तर त्यांच्यासाठी मदतीचा पत्ताही तिथेच द्यावा. मुलाच्या निमित्ताने वडिलांनी सोडल्याची उदाहरणे समुपदेशकांना नवी नाहीत.

एक तोडगा मी सर्व घरांना सुचवतो. रात्री कितीही वाजता मुलाचा “न्यायला या” असा फोन आला तर त्या रात्री एकही प्रश्न न विचारता त्याला घरी आणायचे, आणि जे बोलायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी बोलायचे, असा आई-वडील आणि मुलाने आपसांत करार करावा. काही वडिलांना यात लाड वाटतो. त्यांना मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीची आठवण द्यावी : अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाने मारहाणीच्या भीतीने पिऊन गाडी हाकत येण्यापेक्षा फोन केलेला केव्हाही चांगला.

विशेष दक्षता कोणाबाबत घ्यावी

इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही मुलाला दारूविषयी दहाव्या वर्षापासून प्रत्येक भेटीत सांगावे. अल्कोहोलमुळे यकृतातून साखर रक्तात सोडण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे पार्टीनंतर कित्येक तासांनी, पहाटे झोपेत, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि साखर उतरल्याची लक्षणे प्यायल्यासारखीच दिसत असल्याने मित्र त्याला झोपू देतात. आपल्या एका तरी मित्राला आपला आजार ठाऊक असावा, हे त्या मुलाकडून करवून घ्यावे. फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्या मुलाला जागरण आणि दारू दोन्ही फिट आणू शकतात. क्षयरोगावरील उपचार चालू असताना यकृतावर आधीच भार असतो. अवधान कमी आणि आवेग अधिक असलेली मुले, नैराश्यात असलेली मुले आणि ज्यांच्या घरात व्यसन आहे अशी मुले यांना वर्षातून एकदा नव्हे, दर भेटीला विचारावे. दारूविषयी विचारताना व्हाइटनर, सोल्यूशन हुंगण्याविषयीही विचारावे. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांमध्ये अधिक आढळले होते.

प्यायलेल्या अवस्थेत मूल दवाखान्यात आणले गेले तर तो उपदेशाचा क्षण नव्हे. आधी श्वास, शुद्ध आणि रक्तातील साखर पाहावी. फोनवर विचारणाऱ्या मित्रांना सांगावे की त्याला डाव्या कुशीवर झोपवा, एकटे सोडू नका, मुद्दाम ओकायला लावू नका, थंड पाणी ओतू नका, ताक-लिंबू-कॉफी पाजत बसू नका. हाक मारूनही तो उठत नसेल, श्वास संथ किंवा थांबून थांबून होत असेल, किंवा अंग गार पडले असेल तर १०८ ला फोन करा. समुपदेशन दुसऱ्या दिवशी करावे. तेव्हा मुलगा घाबरलेला आणि पालक संतापलेले असतात, आणि पालकांना आवरून मुलाचे ऐकणे त्या दिवशी जेवढे फळते तेवढे एरवी क्वचितच फळते.

पुढे पाठवणे आणि पाठपुरावा

रोज किंवा दर आठवड्याला पिणे, एकटे पिणे, सकाळी हात थरथरणे, पिण्यासाठी पैसे चोरणे, शाळा सुटणे, आत्महत्येचे विचार किंवा दारूसोबत इतर अमली पदार्थ, यांपैकी काहीही आढळले तर प्रकरण आपल्या ओपीडीच्या पलीकडे गेले असे समजून जिल्हा रुग्णालयातील किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. रोज पिणाऱ्याला “आजपासून एकदम बंद” असे घरी सांगून सोडू नये. एकाएकी थांबल्यास फिट येऊ शकते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. १० ते १९ वयोगटासाठीच्या या कार्यक्रमात व्यसनप्रतिबंध हा एक मुख्य विषय आहे, आणि सरकारी रुग्णालयांतील किशोरांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशन विनामूल्य मिळते. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये आपल्यासमोरच टाकायला लावावेत. चिठ्ठीवर लिहून दिलेला क्रमांक खिशातच धुऊन निघतो.

हताश पालक कधी कधी मुलाला थेट एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवण्याची घाई करतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अल्पवयीन रुग्णाला दाखल करण्याचे निकष कडक आहेत आणि त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवणे आवश्यक आहे. वर्षातून चार वेळा बिअर घेतलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला वीस वर्षे पिणाऱ्या माणसांच्या शेजारची खाट दिली, तर तो नको ते शिकूनच परत येतो.

बाकीच्या मुलांना दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलवावे. ठरलेला प्रसंग कसा पार पडला ते आधी विचारावे, आणि न घेता निभावले असेल तर कसे जमले हे सविस्तर सांगायला लावावे. घेतली असेल तर “मग पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल?” एवढाच प्रश्न पुरे. त्यानंतर तीन महिन्यांनी एक भेट ठेवावी. पुष्कळ मुले दुसऱ्या भेटीला येत नाहीत; त्यांच्यासाठी रजिस्टरमध्ये खूण करून ठेवावी आणि ती पुढे खोकल्याला, लसीला किंवा अकरावीच्या प्रवेशाच्या सर्टिफिकेटला आली की त्याच दिवशी पालकांना पाच मिनिटे बाहेर बसवून मागचा धागा उचलावा.